दिव्यांग मुलांचे शिक्षण : कायदा मुलागणिक, शिक्षक केंद्रागणिक

शाळेच्या पटावर दिव्यांग मुलाचे नाव असते. ते मूल मागच्या बाकावर गप्प बसते आणि वर्षअखेर पुढच्या वर्गात ढकलले जाते. यालाच समावेशक शिक्षण म्हणायचे असेल, तर ती निव्वळ बोळवण आहे असे आम्ही म्हणू.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा काय सांगतो? कलम १६ नुसार प्रत्येक अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे, त्याच्या गरजेनुसार साहाय्य द्यायचे आहे आणि प्रत्येकाच्या प्रगतीवर देखरेख ठेवायची आहे. कलम ३१ मधील ६ ते १८ वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाच्या हक्काला किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. कलम १६ ला ती नाही. म्हणून 'आधी प्रमाणपत्र आणा, मग पाहू' हे उत्तर कायद्यात बसत नाही.

साहाय्य म्हणजे नेमके काय? चार-पाच मुलांचा छोटा गट आणि त्यांच्यासोबत प्रशिक्षित विशेष शिक्षक. एका मुलाची अक्षरांत गल्लत होते, दुसऱ्याला कमी ऐकू येते, तिसऱ्याला एका वेळी एकच सूचना समजते. तिघांना एकच फळा पुरत नाही. कुणाला मणी लागतात, कुणाला चित्रे, कुणाला ब्रेल पाटी. प्रत्येकाचा लेखी आराखडा हवा : तीन महिन्यांत हे मूल काय शिकेल आणि ते कोण तपासेल? तासाभराचे हे काम झाले की मूल पुन्हा आपल्या वर्गात, आपल्या सोबत्यांत बसले पाहिजे. शिकवण्यासाठी घटकाभर वेगळे घेणे निराळे आणि कायमचे वेगळे बसवणे निराळे. वेगळे बसवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता शिक्षकांचा हिशेब पाहू. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे खटल्यात २०२१ साली प्रमाण ठरवण्याचे आदेश दिले आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये ते ठरवले : प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे १ आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ मागे १ विशेष शिक्षक. मार्च २०२५ मध्ये याच प्रकरणात न्यायालयाला राज्यांना पदे जाहीर करण्याचे आदेश पुन्हा द्यावे लागले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ४,८६० पदे निर्माण केली, तीही केंद्रागणिक एक. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या शिक्षकांना त्यामुळे स्थैर्याची वाट मिळाली, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु एका केंद्रात अनेक शाळा असतात. नियम मुले मोजतो, राज्य शासन केंद्रे मोजते! आज या गावी, उद्या त्या गावी फिरणारा शिक्षक छोटा गट रोज कसा चालवणार? फिरता शिक्षक ही सोय आहे, हक्काची पूर्तता नव्हे.

पैसेवाल्याचे मूल खाजगी उपचार केंद्रात जाईल. शेतमजुराच्या, सफाई कामगाराच्या मुलाला जिल्हा परिषदेची वा नगरपालिकेची शाळाच आहे. तिथे शिक्षक आला नाही तर त्याचे शिक्षण तिथेच संपते. हा दयेचा विषय नाही, समतेचा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी कामाला लागावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या बैठकीत हा विषय घ्या आणि ठराव लिहून घ्या. माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारा : केंद्रात दिव्यांग विद्यार्थी किती? विशेष शिक्षक गेल्या वर्षी आपल्या शाळेत किती दिवस आले? किती मुलांचे लेखी आराखडे तयार आहेत? उत्तरे हाती आली की दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. कायदा पुस्तकात आहे. तो वर्गात आणण्यासाठी आपणच मागे लागले पाहिजे.