शरणागती म्हणजे हात झटकणे नव्हे

प्रायश्चित्तकाळ आला की गिरगाव-दादरच्या धर्मग्रामांतून एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘सगळे देवावर सोडा.’ वाक्य सोज्ज्वळ आहे. मात्र त्याचा जो अर्थ घरोघरी लावला जातो, त्याला आमचा स्पष्ट विरोध आहे.

मुलाची नोकरी गेली, देवाची मर्जी. सुनेचा छळ होतो, तिने आपला क्रूस वाहावा. चाळीचा पुनर्विकास रखडला, तरी भाडेकरूंच्या सभेला जावयाचे नाही, नोव्हेना करावयाची. यालाच शरणागती म्हणावयाचे, तर आळस आणि भित्रेपणा यांना नवी नावे शोधावी लागतील. आणि हीच माणसे जेथे खरोखर सोडावयाचे, तेथे मूठ आवळून बसतात. मुलीने कोणाशी लग्न करावे, धर्मग्रामात कोणाचे चालावे, वडिलोपार्जित खोलीत भावाचा वाटा किती, हे विचारावयास कोणी देवाकडे जात नाही. चाळीस दिवस मासळी सोडली जाते खरी. पण काय सोडावयाचे आणि ईस्टरला काय परत घ्यावयाचे, हे ठरविणारा धनी ‘मी’च राहतो.

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी अरण्यातील मोहाचे शुभवर्तमान वाचले जाते. सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि उडी टाकावयास सांगतो, देवदूत झेलतीलच! वरवर पाहता याहून मोठी शरणागती कोणती? सैतान तर स्तोत्राचा आधारही देतो. तरीही प्रभूने ती नाकारली. आपले कर्तव्य टाळून देवाला कामास लावणे ही श्रद्धा नव्हे, देवावरची हुकमत आहे. खरी शरणागती गेथशेमाने बागेत दिसते. प्रभूने दुःखाचा प्याला टळावा ही आपली इच्छा न लपविता सांगितली, मग ती पित्याच्या इच्छेखाली ठेवली, आणि उठून तो संकटाला सामोरा गेला. झोपले होते ते शिष्य.

आमच्या शहराला हा धडा नवा नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला. त्या काळाची आठवण सांगणारे क्रूस गिरगाव, माझगाव, वांद्रे येथे आजही उभे आहेत. त्याच शहरात भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1899 साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या ज्या जुन्या वास्तूत आली, तेथे पोर्तुगीज काळी ख्रिस्ती मठ होता. तो क्रूस आणि ती सुई यांत आम्हांस वैर दिसत नाही.

2020 च्या प्रायश्चित्तकाळातही हेच घडले. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी आली आणि 12 एप्रिलचा ईस्टर बंद दारांआड झाला. 27 मार्चला पोप फ्रान्सिस भर पावसात संत पेत्राच्या चौकात प्रार्थनेस उभे राहिले. 1522 च्या प्लेगात रोमच्या रस्त्यांवरून मिरवलेला क्रूस त्यांच्यापाशी होता. पण चौक मात्र रिकामा ठेवलेला होता. प्रार्थना आणि खबरदारी यांनी एकमेकींना हटविले नाही.

जेथे माणसाचे उपाय संपतात, तेथे काय? परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर दूरदूरच्या गावांहून आलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक दिवस काढतात. ते औषधाची रांग चुकवीत नाहीत आणि निकाल आपल्या हाती असल्याचा आवही आणीत नाहीत. शरणागतीचे याहून चांगले प्रवचन आम्हांस ठाऊक नाही.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे एवढेच : या चाळीस दिवसांत ताटातून काय वगळले, ते मोजू नका. भावाशी चाललेला दावा, मुलांवरची सक्ती, समितीतली खुर्ची, यांपैकी एकावरची मूठ सोडा. आणि ज्या अन्यायाला ‘देवाची मर्जी’ म्हणून पाठ फिरविली, त्याला हात घाला. फळ देवावर सोडावे. नांगर सोडू नये.