अहिराणीचा आसरा

मालेगांवच्या आसपास पुष्कळ घरीं अहिराणी बोलतात. २०११ च्या खानेसुमारींत खानदेशी ह्या सदराखालीं १८ लाखांवर भाषिक नोंदले गेले. परंतु आजीबाई संवादयंत्राशीं त्या बोलींत बोलूं लागल्या, कीं तें गोंधळूं शकतें. अहिराणींत 'शे' म्हणजे 'आहे'. मराठी जाणणारें यंत्र त्याला 'शंभर' समजेल! अशा वेळीं त्यानें कोणत्या भाषेचा आश्रय घ्यावा? आमच्या मतें प्रथम मराठीचा, मग हिंदीचा, इंग्रजीचा सर्वांत शेवटीं. आणि 'बोली समजली नाहीं' अशी प्रांजळ कबुलीही द्यावी. मात्र पर्यायी भाषा ही धर्मशाळा आहे. तेथें रात्र काढावी, बिऱ्हाड थाटूं नये. विद्यार्थीमित्रहो, आजीचे शब्द अर्थासह वहींत उतरून ठेवा. उद्यां यंत्राला तेच शिकवितां येतील.