संघ कुणाचा, खेळाडू कुणाचे?



टीव्हीवर प्रो कबड्डी सुरू झाली की आमच्या घरात रात्री जेवणाच्या वेळी पक्ष पडतात. थोरले बंधू परळच्या गिरणीत उभी हयात घालवून गावी परतले. ते यू मुंबाचे. मी पुणेरी पलटणचा. भाचा म्हणतो, "मामा, संघबिंघ काय न्हाय. आपला गडी ज्या संघात, तो संघ आपला." आणि आमच्या सौभाग्यवती भाकरी थापता थापता निकाल देतात, "जो हरायला लागलाय, त्याच्याकडनं मी."

असा हा आमचा इस्लामपूरचा संसार. सरकारने २०२५ साली गावाचे नाव ईश्वरपूर केले, पण तोंडातली सवय लगेच जात नाही. वाळवा तालुक्यात कबड्डीचे वेड जुनेच आहे. त्यामुळे या धंदेवाईक संघांबद्दल एका जुन्या खेळाडूची मते आज मांडतो. पटली तर घ्या, नाही पटली तर वाद घालायला घरी या. चहा मिळेल.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. आम्ही लहान होतो तेव्हा याला हुतुतू म्हणत. ना बॅट लागे, ना बूट, ना पैसा. चुना नसला तर राखेने रेषा मारायची. दिवसभर उसात राबून आलेला गडीसुद्धा दम धरून चढाईला जाई. वस्तीतल्या पोरांचा संघ वेगळा, गावातल्या पोरांचा वेगळा. पण हा खेळच मुळी शिवण्याचा. शिवल्याशिवाय गुण नाही, धरल्याशिवाय गडी बाद नाही. ज्यांना पाणवठ्याला शिवू देत नव्हते, त्याच पोरांनी मैदानात कमरेला मिठी मारली की पंचाला गुण द्यावाच लागे. हा खेळ आपल्या माणसांना जवळचा वाटला तो काही उगाच नाही.

तोच खेळ २६ जुलै २०१४ रोजी मुंबईच्या वरळीत दिव्यांच्या झगमगाटात आला. पहिला सामना यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्सचा, मुंबईने ४५-३१ ने जिंकला. तेव्हा आठ संघ होते, २०१७ पासून बारा झाले. मातीच्या जागी मॅट आली. चढाईला तीस सेकंद. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड केली तर एक गुण जादा. आमच्या वेळचे म्हातारे म्हणाले, खेळ बिघडला. मी म्हणतो, खेळ सुधारला. पूर्वी आघाडी घेतलेला संघ रेषेवर पाय घासत वेळ काढायचा. आता तिसऱ्या चढाईला सगळे घर श्वास रोखून बसते.

आता संघांकडे वळू.

मुंबईचा मान मोठा. पहिल्या तीनही हंगामांत यू मुंबा अंतिम सामन्यात होती. २०१४ ला जयपूरकडून हरली, २०१५ ला बेंगळुरूला ३६-३० ने हरवून करंडक घेतला, २०१६ च्या सुरुवातीला पाटण्याकडून तीन गुणांनी हरली. कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा, पण डोके इतके थंड की घाईत चूक केलेली क्वचितच दिसे. बोनस रेषेपलीकडे पाय टेकून हसत परत यायचा. त्याच्याबरोबर रिशांक देवाडिगा, विशाल माने ही मुंबईच्या मैदानांवर वाढलेली पोरे होती. म्हणून थोरल्या बंधूंचा जीव तिथे अडकला. गिरण्या गेल्या तरी गिरणगावातली कबड्डी टीव्हीवर दिसत होती. पुढे एकेक करून ही माणसे दुसऱ्या संघांत गेली. २०१५ नंतर मुंबईला पुन्हा करंडक मिळालेला नाही. बंधू म्हणतात, नशीब. मी म्हणतो, जमवलेले घर मोडले.

पुण्याचे उलटे झाले. पहिल्या दोन हंगामांत पुणेरी पलटण तळाला होती. त्या दिवसांत मी सामना बघताना आवाज बारीक करून बसायचो, बंधूंचे टोमणे नकोत म्हणून. पुढे बाहेरचे मोठे खेळाडू आणले, तरी करंडक आला नाही. मग त्यांनी दुसरा रस्ता धरला. युवा पलटण नावाने तरुण पोरांना शिकवायचे, राहायला-खायला द्यायचे आणि त्यातूनच मोठा संघ उभा करायचा. अस्लम इनामदार, आकाश शिंदे, मोहित गोयत ही पोरे त्याच वाटेने आली. अस्लम नगर जिल्ह्यातला, गरिबीतून वर आलेला. त्याच्याच नेतृत्वाखाली १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुण्याने हरियाणाला २८-२५ ने हरवून पहिला करंडक घेतला. प्रशिक्षक बी. सी. रमेश. त्याआधी २०२३ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातही अस्लम आणि आकाश दोघेही होते. २०२५ च्या अंतिम सामन्यात पुणे दिल्लीकडून तीन गुणांनी हरले, तरी मला वाईट वाटले नाही. विकत आणलेला संघ हरला तर पैसे फुकट गेले असे वाटते. वाढवलेला संघ हरला तर पोरे पुढच्या वर्षी परत येतील असे वाटते.

म्हणून मी पुण्याचा. संघाला शहराचे नाव दिले म्हणून तो आपला होत नाही. तो पोरे वाढवतो का, एवढेच मी बघतो.

भाच्याचे गणित निराळे. त्याचा देव म्हणजे काशिलिंग आडके. आमच्या तालुक्यातल्या कासेगावचा गडी. पण तो मुंबईला नाही, पुण्याला नाही, तर दबंग दिल्लीला खेळायला गेला. २०१५ च्या हंगामात चढाईचे सर्वांत जास्त गुण त्याचे, आणि दिल्ली मात्र उपांत्य फेरीतही नाही. त्या वर्षी वाळवा तालुका दिल्लीच्या बाजूने ओरडत होता. दिल्लीकरांना त्याचा पत्ताही नसेल. २०१७ ला काशिलिंग मुंबईकडे आला, तर थोरल्या बंधूंनी घरात पेढे वाटले. २०१८ ला बेंगळुरूकडे गेला आणि भाच्याने भिंतीवरचे चित्र पुन्हा बदलले. तीन संघ झाले, गडी एकच. भाचा म्हणतो ते अगदीच चूक नाही. गडी आपल्या मातीतला असला की जर्सीचा रंग कोण बघतो?

पण गड्याच्या मागे जाण्यात एक धोका आहे. तो आता माझ्या घरातच उभा राहिला आहे.

भाचा सतरा वर्षांचा. आयटीआयला फिटरच्या ट्रेडला आहे. चढाईला चपळ, उजव्या पायाने मागे लाथ अशी मारतो की मध्यरक्षक गोंधळून जातो. महिन्याभरापूर्वी बहिणीचा निरोप आला, पोरगा आयटीआयला जाईना, दिवसभर मैदानावर असतो. मी विचारले तर म्हणाला, "मामा, लिलावात दोन कोटी मिळत्यात. फिटर हून किती मिळंल?"

त्याचे खोटे नाही. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग गडी राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना गेला होता. २०१९ ला चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांना गेला. २०२३ ला पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांवर बोली लागली. कबड्डीच्या पोराला एवढा पैसा मिळतो याचा मला अभिमानच आहे. आमच्या काळी बक्षीस म्हणजे पितळी ढाल आणि जेवण.

पण मी त्याला पाटीवर हिशेब मांडून दाखवला. संघ बारा. एका संघात जास्तीत जास्त पंचवीस गडी. म्हणजे सगळ्या देशातून आणि इराणसारख्या देशांतून मिळून तीनशे माणसे. कोटीवाले त्यातले मोजके. बाकीचे काही लाखांवर, तेही एका हंगामाचे. आणि गुडघा गेला तर?

गुडघ्याचे मी अनुभवाने सांगतो. मी विशीत असताना एका मंडळाकडून खेळत होतो. नाव घेत नाही. एका सामन्यात पकड करताना गुडघा फिरला. मंडळाच्या माणसांनी रिक्षात घातले, घरी सोडले, तेवढ्यावर संपले. पुढच्या रविवारी माझ्या जागी दुसरा उभा होता. औषधाचे पैसे आईने दुसऱ्याच्या रानात खुरपून भरले. आजही पावसाळ्यात जिना उतरताना तो सामना आठवतो. पण तेव्हा माझी नोकरी होती म्हणून घर उभे राहिले. नुसती कबड्डीच असती तर?

म्हणून भाच्याला सांगितले, खेळ सोडू नको आणि आयटीआयही सोडू नको. सकाळी मैदान, दिवसा वर्कशॉप, संध्याकाळी पुन्हा मैदान. कबड्डीने आपल्या भागातल्या कितीतरी घरांना भाकरी दिली ती लिलावाने नाही, नोकरीने दिली. रेल्वे, पोलीस, बँका, पेट्रोलियम कंपन्या यांचे संघ असतात. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी योग्य पातळीवरच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र आणि क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी लागते. आपली पोरे ढाली भिंतीवर लावतात आणि प्रमाणपत्र पावसात भिजू देतात. आई-बापांनो, ते कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

हे सगळे बोलणे भाच्याची धाकटी बहीण ऐकत बसली होती. नववीत आहे. शाळेच्या संघात डावा कोपरा सांभाळते. चवड्याची पकड अशी करते की सुटका नाही. ती हळूच म्हणाली, "मामा, दादाला निदान लिलाव तरी हाय. आमचा कवा?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. २०१६ ला याच प्रो कबड्डीने बायकांची एक छोटी स्पर्धा घेतली होती. तीन संघ. त्यातल्या आइस दिवाज संघाची कर्णधार मुंबईची अभिलाषा म्हात्रे. अंतिम सामना २४-२३ असा, एका गुणाचा. एवढा चुरशीचा सामना होऊनही प्रो कबड्डीच्या मांडवात ती स्पर्धा पुन्हा झाली नाही. का? मुली कमी पडतात म्हणावे, तर २०१२ ला पाटण्यात आपल्या मुलींनी विश्वचषक आणला. त्यात अभिलाषा, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ या महाराष्ट्राच्या तिघी होत्या आणि राज्य सरकारने त्यांना प्रत्येकी एक कोटीचे बक्षीस दिले. २०२३ च्या आशियाई खेळांत मुलींनी २६-२५ ने सुवर्ण जिंकले. २०२५ ला ढाक्यात पुन्हा विश्वचषक. पदके आणताना मुली आपल्या आणि संघ काढताना परक्या, हा कुठला न्याय?

बारा मालकांनी एकेक मुलींचा संघ काढला तर कुणाचे दिवाळे निघणार नाही. ज्या दिवशी पुणे मुलींचा संघ काढेल, त्या दिवशी मी पुण्याचा पक्का. मुंबईने आधी काढला तर थोरल्या बंधूंच्या शेजारी जाऊन बसेन. भाचीला मी तसा शब्द दिला आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते आपण करू. मुलगी मैदानावर जाते म्हणाली तर "अंधार पडायच्या आत ये" एवढेच सांगून थांबू नका, तुम्ही स्वतः मैदानाच्या कडेला जाऊन बसा. कडेला मोठी माणसे बसली की मैदान मुलींचे होते. वस्तीतल्या मंडळाने मुलांचे सामने भरवले तर त्याच मैदानावर, त्याच दिवशी, तेवढ्याच रकमेचे मुलींचे बक्षीस ठेवा. आणि मुलगा असो की मुलगी, गुडघा दुखतो म्हणाला तर तेल चोळून परत पाठवू नका, डॉक्टरला दाखवा.

भाचा सोमवारपासून आयटीआयला जायला लागला आहे. संध्याकाळी दोघे भावंडे मैदानावर असतात. तो चढाई करतो, ती पकड करते. काल तिने त्याला तीनदा धरले. घरी येऊन तो म्हणाला, पाय घसरला. बंधू म्हणाले, नशीब. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र या वेळी हरणाऱ्याची बाजू घेतली नाही.