फाट्यावरचे वळण आणि दोषाची टक्केवारी

गळीत हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर आणि लोकांच्या तोंडी आजही नगरच असलेला जिल्हा, रात्रभर जागा राहतो. प्रवरानगरपासून सोनई-भेंड्यापर्यंत आणि कोपरगावपासून श्रीगोंद्यापर्यंत कारखाने पेटतात, आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर उसाच्या खेपा सुरू करतात. त्याच रस्त्यांवरून शिर्डी आणि शनिशिंगणापूरला निघालेल्या परराज्यांतील मोटारी, पुण्या-नाशकाकडचे कंटेनर, एसटी बस आणि शेतातून घरी परतणारे दुचाकीस्वार धावत असतात. महामार्गावर वेग आहे आणि फाट्यावर वळण आहे. या दोघांची गाठ पडते तेव्हा अपघात होतो, आणि मग प्रश्न येतो तो दोष कोणाचा, हा.

आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे डावे वळण त्यामानाने सोपे. उजवे वळण मात्र समोरून येणाऱ्या रांगेला छेदून घ्यावे लागते. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात म्हणून तिथे हीच कटकट डाव्या वळणाची असते. नियम मात्र दोन्हीकडे सारखाच आहे: वळणाऱ्याने थांबावे, सरळ जाणाऱ्याला वाट द्यावी. आपल्या १९८९ च्या रस्ता-नियमांत उजवीकडे वळणाऱ्याने आधी रस्त्याच्या मध्याजवळ यावे आणि मुख्य रस्त्यावर शिरणाऱ्याने त्या रस्त्यावरील वाहनांना आधी जाऊ द्यावे, असे सांगितलेले होते. २०१७ मध्ये या नियमांची जागा नव्या चालन विनियमांनी घेतली, तरी त्यांचा गाभा बदललेला नाही.

एवढ्यावरून निकाल सोपा वाटतो. वळला तो चुकला! प्रत्यक्षात तो तितका सोपा नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी दुचाकी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. दोन भरलेल्या ट्रॉल्यांसह वळणाऱ्या ट्रॅक्टरला समोरची बाजू मोकळी करण्यास दहा सेकंद लागले, असे धरू. तेवढ्या वेळात दुचाकी १६५ मीटरहून अधिक पुढे आलेली असते. ट्रॅक्टरवाला वळू लागला तेव्हा रस्ता रिकामा होता, हे त्याचे म्हणणे खरे असू शकते. दुचाकीस्वाराला शेवटच्या ट्रॉलीची बिनरिफ्लेक्टरची काळी कड दिसलीच नाही, हेही तितकेच खरे असू शकते. आणि दुचाकी साठच्या नव्हे, नव्वदच्या वेगात होती, हे विमा कंपनीचे म्हणणेही एखाद्या प्रकरणात खरे निघते. म्हणूनच कायदा ‘कोण चुकले’ एवढेच विचारून थांबत नाही. ‘कोण किती चुकले’ हेही विचारतो.

मृत किंवा जखमी व्यक्तीचा स्वतःचा निष्काळजीपणा जितका टक्के ठरेल, तितकी तिची भरपाई कमी होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया, मेरीलँड यांसारख्या मोजक्या राज्यांत जखमीचा थोडासा दोष निघाला तरी दावाच बुडतो. त्या मानाने आपली पद्धत न्याय्य आहे. पण टक्केवारीचा हा आकडा घराघरांवर काय परिणाम करतो, ते हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

उदाहरणादाखल ३२ वर्षांचा, महिना १५ हजार रुपये कमावणारा एक दुचाकीस्वार घेऊ. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांनी भरपाईचे गणित बांधून दिले आहे. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात पुढील वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे; म्हणजे २१ हजार. चार अवलंबित असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचा, उरले १५,७५०. वर्षाचे झाले १ लाख ८९ हजार. या वयाला गुणक १६. एकूण ३० लाख २४ हजार रुपये. अंत्यविधी, सहवास-वियोग वगैरेंची रक्कम वेगळी. आता न्यायाधिकरणाने मृताचा दोष ४० टक्के ठरवला, तर या कुटुंबाचे १२ लाख ९ हजार ६०० रुपये कमी होतात. मुलांचे शिक्षण, बहिणीचे लग्न, सोसायटीचे कर्ज या साऱ्यांचा हिशेब त्या एका आकड्यात असतो.

मग हा आकडा येतो कोठून? बहुतेक वेळा तो अपघाताच्या पहिल्या काही तासांत तयार झालेल्या कागदांतून येतो. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा आणि त्यासोबतचा हाताने काढलेला नकाशा हे ते कागद. फिर्यादीची भाषा तर ठरून गेलेली आहे. ‘वाहतुकीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने’ हे शब्द प्रत्येक गुन्ह्यात येतात. त्यांतून वळणाचा कोन, इशारा दिला होता की नाही, ट्रॉलीला दिवा होता की नाही, यातले काहीच कळत नाही. मेलेला माणूस फिर्याद देत नाही आणि त्याचे नातेवाईक त्या वेळी रुग्णालयाच्या दारात असतात. तोवर वाहने बाजूला घेतली जातात, सांडलेला ऊस उचलला जातो आणि घासल्याच्या खुणांवरून दुसऱ्या दिवशीची वाहतूक जाते. जो जिवंत आहे, त्याचीच हकीकत कागदावर उतरते.

न्यायालयांनी या कागदांच्या मर्यादा ओळखल्या आहेत. केरळमधील एका मोटार-बस धडकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की, अपघातानंतर वाहने कोणत्या जागी आढळली, एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही. २०२० मधील निकालात, दुचाकीवर तिघे बसले होते एवढ्याच कारणाने भरपाई कापता येणार नाही. त्या तिघांच्या बसण्याचा अपघाताशी कार्यकारणसंबंध दाखवावा लागेल, असे न्यायालयाने सांगितले. फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप पडत नाही, हे तर १९८० पासून मान्य झालेले तत्त्व आहे. दाव्यात पुराव्याचा निकष फौजदारी खटल्याइतका कडक नसतो. अधिक संभाव्य काय, एवढेच पाहायचे असते.

जुलै २०२५ मधला एक निकाल या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कोईमतूरमध्ये महामार्गावर पुढच्या मोटारीने एकाएकी ब्रेक लावला, मागचा दुचाकीस्वार तरुण तीवर आदळून पडला आणि मागून येणाऱ्या बसखाली त्याचा पाय गेला. सर्वोच्च न्यायालयाने मोटारचालकाचा दोष ५० टक्के, बसचालकाचा ३० टक्के आणि तरुणाचा २० टक्के ठरवला. पुरेसे अंतर न राखणे ही तरुणाची चूक मान्य झाली. पण इशारा न देता महामार्गावर थांबणाऱ्याची जबाबदारी त्याहून मोठी ठरली. फाट्यावर इशारा न देता वळणाऱ्या वाहनालाही याच तर्काने मोजावे लागेल.

दुसरा एक भेद सामान्य माणसाला सहसा ठाऊक नसतो. दोन वाहनचालक चुकले आणि त्यात तिसराच, म्हणजे दुचाकीवर मागे बसलेली पत्नी किंवा बसमधील प्रवासी बळी पडला, तर त्याची भरपाई कापली जात नाही. २०१५ च्या निकालानुसार असा दावेदार दोघांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. आपसांतला हिशेब त्या दोघांनी नंतर पाहावा. जानेवारी २०२४ मध्ये पारनेर तालुक्यात कल्याण महामार्गावर उसाचा ट्रॅक्टर, एसटी बस आणि मोटार यांच्या अपघातात सहा जणांचा बळी गेला. अशा तिहेरी अपघातांत हा नियम माहीत असणे फार मोलाचे असते.

परंतु दोष ठरला म्हणजे पैसे मिळाले, असे नाही. नगर जिल्ह्यात इथेच खरी अडचण आहे. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी होता, वाहतूक मात्र भाड्याची होती. ट्रॉलीचा विमाच नव्हता. ट्रॉलीवर बसलेला ऊसतोड मजूर विम्याच्या कक्षेत येत नाही, अशा हरकती विमा कंपन्या घेतात. काही प्रकरणांत न्यायालय ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देते. तसा आदेश न मिळाल्यास कर्जावर ट्रॅक्टर घेतलेल्या मालकाविरुद्धचा हुकूमनामा कुटुंबाच्या हाती पडतो आणि तो कपाटात राहतो. ज्या उसासाठी ही वाहतूक चालते, त्याचे गाळप करणाऱ्या कारखान्यांनी विमा आणि रिफ्लेक्टर तपासल्याखेरीज ट्रॅक्टरला काट्यावर घ्यायचे नाही असे ठरवले, तर यातले निम्मे तंटे उभेच राहणार नाहीत.

आणखी एक चुकणारा आहे, तो म्हणजे रस्ता बांधणारा. वळणासाठी वेगळी मार्गिका नाही, दिवा नाही, फलक झाडात लपलेला, अशा फाट्यावर चालकांचे दोष टक्क्यांनी मोजले जातात. फाट्याचा दोष क्वचितच मोजला जातो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आले. रस्त्याच्या रचनेचे निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तो दंडही निधीत जातो, कुटुंबाला मिळत नाही. एकीकडे ४० टक्क्यांपोटी बारा लाख गमावणारे घर आणि दुसरीकडे जास्तीत जास्त एक लाखात सुटणारी यंत्रणा, याला समतोल म्हणता येणार नाही.

या दुरुस्तीने काही चांगलेही दिले. दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. त्याच वर्षी १ एप्रिलपासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत लागू झाली. तिच्या वैधतेला आव्हान दिले गेल्यावर, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरीही त्या भरवशावर कोणी बसू नये. आपण राहतो तेथील न्यायाधिकरणातही दावा दाखल करता येतो, हे शिर्डीला येणाऱ्या परगावच्या भाविकांनीही ध्यानात ठेवावे.

देशात २०२३ या एका वर्षात १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली. त्यांतील प्रत्येकाच्या मागे टक्केवारीचा असा एक कागद तयार झाला असणार. तो कागद नीट व्हावा यासाठी फार मोठे काही लागत नाही. फाट्यावरच्या हॉटेलचे किंवा पेट्रोल पंपाचे कॅमेऱ्यातील चित्रण पुसले जाण्याआधी मागून घेणे, वाहने हलवण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्रे काढणे, पाहणाऱ्या दोघांची नावे टिपून ठेवणे आणि पंचनामा होताना गावातील एखाद्या जाणत्याने तिथे उभे राहणे, एवढे पुरे. अपघातात गावकरी धावून जातात, जखमीला उचलतात, रक्त देतात; आपल्याकडची ही माणुसकी अजून शाबूत आहे. तिच्या जोडीला कागदाची ही जागरूकता आली, तर जो माणूस स्वतःची बाजू सांगायला उरला नाही, त्याच्या माथी नसलेल्या दोषाचे टक्के तरी बसणार नाहीत.