कथिल तेच, गुण वेगळे

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यात, पितळेची पातेली अजून बऱ्याच घरांत आहेत. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकून आतला मळ काढतो आणि कथिल लावून कापसाच्या बोळ्याने सगळीकडे पसरवतो. आंबट वरण, ताक पितळेला लागून कळकू नये म्हणून हा थर. अशा शुद्ध कथिलाच्या भांड्यात पिढ्यान्‌पिढ्या जेवल्या.

पण हेच कथिल जीवही घेते. १९५४ साली फ्रान्समध्ये गळवांवर ‘स्टॅलिनॉन’ नावाचे औषध विकले गेले. त्यात कथिलाच्या अणूला एथिल नावाचे कार्बनचे दोन गट जोडलेले होते. हे द्रव्य इंग्रज शास्त्रज्ञ फ्रँकलंड यांनी १८४९ सालीच तयार केले होते. परंतु औषधात तीन एथिल गट असलेल्या कथिलाची भेसळ झाली. मेंदूला सूज येऊन सुमारे शंभर माणसे दगावली. दोनाच्या जागी तीन गट, एवढाच फरक!

हे कसे, ते आमच्या शाळकरी वाचकांनी समजून घ्यावे. अणूला हात असतात असे समजा. कार्बनला चारच हात. कथिलालाही चार, पण त्याचा अणू मोठा असल्यामुळे तो पाचवा, सहावा हातही पुढे करतो. स्फटिकातून क्ष-किरण सोडून शास्त्रज्ञांनी हे पाहिले आहे. तीन मिथिल गट असलेल्या कथिलाला फ्लोरीन जोडला, तर एका अणूचा फ्लोरीन शेजारच्या कथिललाही धरतो आणि लांब साखळी तयार होते. हा पदार्थ ३०० अंशांच्या पुढे तापवला तरी वितळत नाही. फ्लोरीनच्या जागी क्लोरीन घातला की पकड ढिली होते. मग तो सुमारे ३८ अंशांनाच, म्हणजे नगरच्या उन्हाळ्यातच, वितळतो.

तेव्हा कथिल मुळात चांगलेही नाही आणि वाईटही नाही. ते कोणाशी, कसे जोडले गेले यावर त्याचे गुण ठरतात. माणूस जन्माने नीच वा उच्च होत नाही, आपल्या कर्माने होतो, ही तथागतांची शिकवण. अणूला कर्म नसते, म्हणून ही उपमा फार ताणू नये. पण ‘मुळातच असे’ म्हणून कोणावर शिक्का मारू नये, एवढे यातून नक्की घ्यावे.

आता घरच्या कामाची गोष्ट. काही ठिकाणी स्वस्ताईसाठी कथिलात शिसे मिसळतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूला फार घातक. भगिनींनी कल्हई करण्यापूर्वी कांडी मागून घ्यावी आणि कानाजवळ हळूच वाकवावी. शुद्ध कथिल करकरते, कारण वाकताना आतल्या स्फटिकांचे भाग एकदम कलून जुळे स्फटिक बनतात. शिसे आवाज करत नाही. कागदावर घासले तर ते काळी रेघ ओढते. थोडी भेसळ मात्र या परीक्षेत सापडेलच असे नाही. म्हणून ओळखीच्या, खात्रीच्या कारागिराकडूनच कल्हई करून घ्यावी. शंका आली तर त्या भांड्यात मुलांचे अन्न शिजवू नये.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या, हेही तथागतांनीच सांगितले आहे. ते स्वयंपाकघरापासून सुरू करू या.

जयभीम!