हळदीची प्रतवारी गावातच व्हावी

चहा आज खेडोपाडी घरोघर पोहोचला आहे. परंतु तो कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी त्यावर कोणते संस्कार होतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. वाळलेल्या चहातील काड्या व तंतू विद्युत्भारित रुळांनी ओढून काढतात. मग हलत्या चाळण्यांवरून मोठा दाणा, बारीक दाणा व भुकटी वेगळी होते आणि प्रत्येक प्रतीला निराळा भाव मिळतो. झाड एकच, पण निवडीने मोल ठरते.

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर व मुदखेड भागांतील हळदीस हाच न्याय लावला पाहिजे. आठ-नऊ महिने राबून पिकविलेली हळद पुष्कळदा हळकुंडे, गड्डे, कणी व माती यांसह एकाच पोत्यात बाजारास जाते. अशा ढिगाचा भाव त्यातील हलक्या मालावरून ठरतो, हे सांगणे नलगे.

निवडीचा आरंभ शिजविण्यापूर्वीच करावा. गड्ड्यांना हळकुंडांपेक्षा अधिक वेळ लागतो. दोन्ही एकत्र शिजविल्यास एक कच्चे राहते वा दुसरे गळते. नंतर स्वच्छ खळ्यावर वा ताडपत्रीवर दहा ते पंधरा दिवस वाळवावी. हळकुंड मोडताना खणखणीत आवाज झाला की ते पॉलिशयोग्य समजावे. छिद्रे असलेल्या पत्र्याचे वा जाळीचे पिंप हाताने किंवा विजेच्या मोटारीने फिरविले असता हळकुंडे परस्परांवर व जाळीवर घासली जातात. साल, मुळ्या व माती खाली गळून पडते. त्यानंतर चाळणीने व हाताने प्रती कराव्यात.

पॉलिशने वजन घटते, हा शेतकरी बंधूंचा आक्षेप खोटा नाही. अर्ध्या पॉलिशात सुमारे 2 ते 3 टक्के व पूर्ण पॉलिशात 5 ते 8 टक्के घट येते. परंतु जे गळते ती हळद नव्हे, तो कचरा होय. आणि कचरा धरून घेणारा व्यापारी त्याची वजावट भावातच करतो. तथापि हवी तेवढीच झळाळी आणावी. पिंप उगाच फिरवीत बसू नये.

झळाळीसाठी वरून रंग मात्र कदापि लावू नये. लेड क्रोमेट हा पिवळा रंग शिशाचे विष आहे. ते मुलांच्या मेंदूस अपाय करते, आणि हळदीत ते मिसळणे कायद्याने निषिद्ध आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत हळदीस 2024 साली भौगोलिक मानांकन लाभले. असे नाव मिळविण्यापेक्षा ते राखणे कठीण असते, आणि ते निर्मळ मालानेच राखले जाते.

लहान शेतकऱ्याने एकट्याने यंत्र घेणे परवडणारे नाही. यास्तव गावातील सहकारी संस्थेने वा शेतकरी गटाने एक पिंप व चाळणी घेऊन माफक भाड्याने पाळीपाळीने द्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढाकार घेऊन, काढणीपूर्वीच पाळ्या ठरवून द्याव्यात. प्रथम एकाच शेतकऱ्याचा माल निवडून व न निवडून, असा दोन्ही प्रकारे बाजारास न्यावा. दोन पावत्या शेजारी ठेवल्या म्हणजे निराळ्या व्याख्यानाची गरज उरणार नाही.