गुडघ्यातलं वंगण

परवा आत्याचा फोन आला. नेहमीप्रमाणे आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली, आणि नेहमीप्रमाणे आत्याने निदानही करून टाकलं. "अरे, वंगण संपलंय तिचं. आता तिला काही करू देऊ नका. आरामात बसू द्या."

हे वाक्य मी सिल्लोडला कितीतरी घरांत ऐकलंय. खरं सांगायचं तर तीन वर्षांपूर्वी मी स्वतःच आईला हे ऐकवलं होतं. म्हणून आज लिहायला बसलो.

आईचं सगळं आयुष्य शेतात गेलं. कपाशी, मका, मिरची... पीक कुठलंही असो, निंदणी ठरलेली. हातात खुरपं आणि उकिडवं बसून सकाळपासून दिवस मावळेपर्यंत सरकत राहायचं. साठीच्या आसपास तिचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा मी मोठ्या प्रेमाने तिचं शेत बंद केलं. पलंग दिला, टीव्ही दिला. आठ महिन्यांत ती हाताचा रेटा दिल्याशिवाय खुर्चीतून उठेनाशी झाली.

त्याच डिसेंबरात पुण्याची मंडळी अजिंठा बघायला आली. लेणी आम्हाला इतकी जवळ, पण पायऱ्या चढणं आईला शक्य नव्हतं. शेवटी डोली केली. चौघांनी उचलल्यावर पदर तोंडाला लावून म्हणाली, "लोकांना मेल्यावर चौघं उचलतात, मला जितेपणीच." सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. पहिल्या लेण्यात पद्मपाणीचं ते डौलात वळलेलं चित्र बराच वेळ बघून ती म्हणाली, "याला चार दिवस खुरपायला लावा, मग बघू ही कंबर."

परत आल्यावर मी जरा वाचायला लागलो, डॉक्टरांना विचारायला लागलो. तेव्हा कळलं की आमची वंगणाची कल्पनाच उलटी आहे.

आपण सांधा म्हणजे मोटारीचं बेअरिंग समजतो. जितकं वापराल तितकं झिजणार! पण हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण होतं ते सांध्यातल्या द्रवातून. भार पडला की ती स्पंजसारखी दाबली जाते, भार गेला की फुगते आणि द्रव आत घेते. म्हणजे चालणं हेच तिचं जेवण. पलंगावर बसवून मी आईच्या गुडघ्यांना उपाशी ठेवत होतो.

दुसरं म्हणजे, गुडघा नुसती बिजागरी नाही. मांडीचं हाड, नडगी आणि पुढे वाटी. मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या. गुडघा वाकला की नडगी थोडी फिरूही शकते. पाय पूर्ण ताठ केला की किंचित पिळून गुडघा जणू कुलूप लावतो, म्हणून आपण फार न थकता उभे राहतो. जिना उतरताना या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो. तो सांभाळायला मांडीचे स्नायू लागतात. बसून बसून तेच वाळले तर भार कोण झेलणार?

मग उकिडवं बसणं वाईट का? मला नाही तसं वाटत. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लोक मांडी घालून जेवले, उकिडवे बसले. प्रश्न आहे तासांचा. दिवसचे दिवस, वर्षानुवर्षं उकिडवं किंवा गुडघे टेकून काम करणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त दिसते, हे जगभरच्या अभ्यासांत आलंय. आपण मात्र त्याला 'वय झालं' म्हणून मोकळे होतो.

आणि हे काम कुणाच्या वाट्याला येतं बघा. आमच्याकडे सायकल कोळपं आलं. ते उभ्याने ढकलायचं, आणि ढकलतो बहुतेक पुरुष. ओळींच्या मधलं तण त्याने निघतं. रोपाच्या बुडाशी उरलेलं तण काढायला बाई, खुरपं घेऊन, उकिडवी. उभं राहायचं अवजार आलं ते पुरुषाच्या हातात! बाईला लांब दांड्याचं खुरपं द्यावं, बसायला पाट द्यावा, तासातून दोनदा उठून चालू द्यावं आणि त्यापायी मजुरी कापू नये... एवढं करायला कुठली मोठी योजना लागते?

शेवटच्या टप्प्यावर शस्त्रक्रिया आहेच, आणि ती उपयोगीही आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत ५४,७२० रुपये ठरली, जीएसटी वेगळा. पण ही झाली नुसत्या सांध्याची किंमत. दवाखाना, औषधं, संभाजीनगरच्या खेपा आणि बुडालेली मजुरी धरली तर खुरपणाऱ्या बाईचा हिशोब कुठे बसतो?

आता आई रोज खुर्चीत बसून पाय ताठ करते आणि दहा आकडे मोजते. सकाळ-संध्याकाळ अंगणात फेऱ्या मारते. गुडघे अजून कुरकुरतात, जिना अजून जड जातो. चमत्कार वगैरे काही झालेला नाही. पण खुर्चीतून हात न टेकता उठते. गेल्या आठवड्यात बांधावर जाऊन बायकांना "उठा गं जरा, पाय मोकळे करा" म्हणून ओरडून आली. :)

असो. आत्या, तू हे वाचशीलच. तुझेही गुडघे दुखतात हे मला माहीत आहे, आणि तूही दिवसभर बसून असतेस हेही. संध्याकाळी फोन करतो.